नीरेच्या उगमाकडील वन



सांगवीच्या शिवारात उभे राहिले की नजर पोहोचेल तिथवर ऊस दिसतो. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रातून १९९६ साली को ८६०३२ हा वाण आला. त्याला ‘नीरा’ असे नाव मिळाले आणि तो घरोघरी पोहोचला. वाण उत्तमच! परंतु २००२ मध्ये लोकरी माव्याने महाराष्ट्रात शिरकाव केला, तेव्हा एकसुरी पीक कीड किती वेगाने व्यापते, हे ऊसकऱ्यांनी प्रत्यक्ष अनुभवले.

जिच्या पाण्यावर हा ऊस उभा आहे, ती नीरा भोर तालुक्यातील सह्याद्रीत उगम पावते. त्या सह्याद्रीचे रान आधी कोळशाच्या भट्ट्यांनी खाल्ले. पुढे उघड्या डोंगरांवर ठिकठिकाणी ग्लिरिसिडिया, निलगिरी, ऑस्ट्रेलियन बाभूळ आली. दुरून सारे हिरवेच दिसते. मग बिघडले कुठे?

वृक्ष हवेतील कर्बवायू शोषून त्यातील कर्ब लाकडात साठवतो. वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग कर्बच असतो. म्हणूनच सारख्याच आकाराच्या सावरीपेक्षा जड लाकडाच्या अंजनीत दुपटीहून अधिक कर्ब मावतो. जंगलातील अशा अनेक जड, संथ वाढीच्या वृक्षांची फळे मोठी असतात. त्यांचे बी दूर नेण्याचे काम धनेश आणि वटवाघळे करतात. धनेश गेला की बी आईच्याच सावलीत कुजते. जुना वृक्ष कोसळतो आणि त्याची जागा हलक्या लाकडाची झाडे घेतात. रान हिरवे राहते, भांडार मात्र रिते होत जाते.

पश्चिम घाटातील नैसर्गिक वने आणि साग-निलगिरीच्या लागवडी यांची तुलना करणारा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षानुवर्षे कर्ब ओढण्याचे सातत्य बहुविध वनात अधिक आढळले. चीनमधील एका प्रयोगात तर १६ जातींच्या मिश्र वनाने ८ वर्षांत सरासरी एकजातीय लागवडीच्या दुपटीहून अधिक कर्ब साठवला. तेथील दोन व्यापारी जातींनी मात्र बरोबरी साधली, हेही सांगितले पाहिजे.

महाराष्ट्राने २०१९ साली ३३ कोटी वृक्षांचा संकल्प सोडला. संकल्प संख्येचा होता. जातींचा हिशेबही मागायला हवा.

आपल्या पूर्वजांनी कर्ब मोजला नव्हता, पण देवराईवर कुऱ्हाड चालवली नाही. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात या देवरायांची शास्त्रीय नोंद केली. जुन्या जातींचे बी आज तिथे मिळते. जिथे देवराईच तुटली, तिथे रोपवाटिकेने ते आणायचे कोठून?