सही आमची, सभा कुणाची?



पालक म्हणून शाळेत काय काम करतेस ते सांग, असं मला सुचवलं गेलं. मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीत आहे आणि तीन वर्षं मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे, तेवढ्यावरच बोलते.

शाळा आयांना बोलावते, नाही असं नाही. पंधरा ऑगस्टला रांगोळी काढायला, स्नेहसंमेलनात मुलींच्या वेण्या घालायला, खिचडी शिजवणाऱ्या ताई आजारी पडल्या तर वाढायला. आपण हौसेनं जातोही. पण अनुदान आलं, ते कशावर खर्चायचं, हे ठरताना खुर्च्यांवर कोण असतं?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं २१ वं कलम सांगतं, की या समितीत किमान तीन चतुर्थांश पालक हवेत आणि एकूण सभासदांत निम्म्या बायका. म्हणजे बाराजणांची समिती असेल तर नऊ पालक, सहा बायका. कागदावर आमच्याकडे सहा होत्याच! सभा सकाळी अकराला. त्या वेळी बायका खुरपणीला. रोज बुडवून कोण येणार? मग एखादं पोरगं प्रोसिडिंगची वही घेऊन घरी यायचं आणि चुलीपुढे बसल्या बसल्या सही व्हायची.

मी आल्यावर आम्ही दोनच गोष्टी मागितल्या. सभा संध्याकाळी घ्या आणि मागची वही मोठ्यानं वाचा. वाचली, तर त्यात निघालं, ‘मुलींच्या स्वच्छतागृहाची दुरुस्ती पूर्ण.’ खाली सहा बायकांच्या सह्या. स्वच्छतागृहाला कुलूप होतं, आत पाण्याचा थेंब नव्हता. सातवीच्या मुली पाळीचे चार दिवस घरी बसत होत्या. हजेरीपटावर ते ‘आजारी’ म्हणून लागत होतं.

एक सभासद म्हणाले, हा काय चारचौघांत काढायचा विषय आहे? आमच्यातल्या एक आजी, नातीच्या पालक म्हणून समितीत आहेत, त्या म्हणाल्या, “मग चारचौघांत सह्या कशाला घेतल्या, दादा?”

शाळेचा विकास आराखडा समितीनंच करायचा असतो, कलम २२. त्यात आम्ही पहिली ओळ पाण्याची घातली. रंगरंगोटी आणि कमान खाली गेली. नळ यायला दहा महिने लागले. किल्ली आता मुलींकडेच असते. मात्र वीज गेली की पंप बंद, आणि वीज शाळेच्याच वेळेला जाते.

खिचडीचं वेगळंच. वाढण्याआधी आम्ही आया पाळीपाळीनं चव बघतो. खालच्या वस्तीतल्या बाईची पाळी आली, की चौघीजणींना त्या दिवशी हमखास काम निघायचं. पाळ्या बदला, असा निरोपही आला. आम्ही बदलल्या नाहीत. दोघी अजून येत नाहीत, दोघी येतात. जेवणाच्या पंगतीत पोरं मात्र कधीच अडली नव्हती.

पुढच्या सभेत पाण्याच्या टाकीचा विषय आहे. तुमच्या शाळेतली वही कुणाच्या कपाटात असते आणि तुमच्यापैकी किती जणींनी ती वाचली आहे, ते आता तुम्ही सांगा.