पाणचक्कीचें दुसरें आयुष्य

पहाटेच्या जात्याविषयीं आपल्यापैकीं पुष्कळांनीं आजीच्या तोंडून ऐकलें असेल. त्या दळणांत बायकांचे खांदे भरून येत. हेंच कष्टाचें काम वाहत्या पाण्याकडून करून घेण्याची युक्ति म्हणजे पाणचक्की. अशाच एका पाणचक्कीची हकीकत आज सांगावयाची आहे.

इंग्लंडांत ऑक्सफर्डशायर परगण्यांत थेम्सच्या कांठीं मेपलडरम नांवाचें लहानसें खेडें आहे. विल्यम राजानें करविलेल्या मुलुखाच्या पाहणींत, म्हणजे १०८६ च्या ‘डूम्सडे’ दप्तरांत, येथील गिरणीची नोंद आहे. सध्यांची इमारत मूळची पंधराव्या शतकांतली. नदी अडवून पाणी उंच ठेवावयाचें, तें चाकावर सोडावयाचें, आणि चाकाची संथ गति दांतेरी चक्रांनीं वाढवून दगडी तळीला द्यावयाची, अशी ही रचना. खालची तळी स्थिर, वरची फिरती. जातें तेंच, हात मात्र नदीचा!

पुढें पोलादी रुळांच्या मोठ्या गिरण्या निघाल्या आणि थेम्सवरच्या पाणचक्क्या एकेक करून थांबल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर हीहि थांबली. १९७० सालीं ‘ब्लॅक सॅबथ’ या वाद्यवृंदाच्या तबकडीच्या वेष्टनावर तिचें चित्र झळकलें. परंतु कीर्तीनें कुजलेलें लांकूड नीट होत नसतें. १९७७ पासून १९८० पर्यंत तिची डागडुजी झाली, तेव्हां कोठें पुन्हा पीठ पडूं लागलें.

२०११ च्या सुमारास तेथें एक भला मोठा मळसूत्री पंखाहि बसविण्यांत आला. आर्किमीडीजच्या नांवानें ओळखला जाणारा हा स्क्रू पूर्वापार पाणी वर चढविण्यासाठीं वापरीत. येथें उलट, उतरतें पाणी त्याला फिरवितें व वीज निर्माण होते. तो संथ फिरतो, म्हणून मासेहि त्यांतून सुखरूप जातात.

कोणी म्हणेल, जुन्या वास्तूच्या पदरीं हें नवें यंत्र कशाला? पण ही गिरणी मूळच्या रूपांत राहिलीच कधीं होती? सतराव्या शतकांत ती वाढविली गेली, दुसरें चाकहि तेव्हांच आलें. प्रत्येक पिढीनें आपल्या गरजेप्रमाणें तिला काम दिलें, म्हणून ती उरली.

आपल्या छत्रपती संभाजीनगरची पाणचक्कीहि एके काळीं दर्ग्याच्या यात्रेकरूंसाठीं धान्य दळीत असे. आज आपण ती पाहावयास जातों. पुढच्या वेळीं तेथें उभे राहाल, तेव्हां ती किती जुनी एवढेंच विचारूं नका. तिच्या पाण्याला आज कोणतें काम देतां येईल, हेंहि मनाला विचारा.