वहीतून गळलेली नावं

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात, गौरीपूजनाच्या संध्याकाळी झालेल्या भाषणाचा मजकूर)



दुपारची पुरणपोळी अजून जिरलेली नसताना भाषण ऐकायला बसणं सोपं नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून थोडक्यात बोलू. 'आम्ही' म्हणजे आमची सहा जणांची टोळी. सगळे इथल्याच सायन्स फॅकल्टीचे, १९७४ चे बी.एस्सी. माइकसमोर एक उभा असला तरी बोलणं सहाही जणांचं आहे. एक चूक सांगणार आहोत, तीही सहाही जणांची आहे.

मंडळाने विषय दिला आहे 'आपलं कॉलेज आणि माजी विद्यार्थी'. बडोद्यातल्या मराठी घरात 'कॉलेज' म्हटलं की कुठलं, हे सांगावं लागत नाही. बडोदा कॉलेज १८८१ साली सुरू झालं. त्याच वर्षाच्या अखेरीस सयाजीराव महाराजांच्या हाती राज्याचा पूर्ण कारभार आला. तो मोठा घुमट चिझम साहेबांनी विजापूरच्या गोल घुमटाच्या धर्तीवर उभा केला. त्याच्याखाली श्री अरविंद इंग्रजी आणि फ्रेंच शिकवत. कन्हैयालाल मुनशी इथेच त्यांचे विद्यार्थी होते. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ झालं, कॉलेजच्या फॅकल्ट्या झाल्या, पण आपल्या घरांत शब्द तोच राहिला. आजोबा कॉलेजात होते, काका कॉलेजात होते, आम्हीही कॉलेजातच होतो.

आमच्यापैकी एकाने १९८५ च्या सुमारास एक वही घातली. लाल कापडी बाइंडिंगची लांब वही, किराणा दुकानात उधारीला असते तशी. तिच्यात वर्गमित्रांची नावं आणि पत्ते. दरवर्षी गणपतीच्या आधी आम्ही चार पानांचं पत्रक काढायचं आणि वहीतल्या प्रत्येक पत्त्यावर धाडायचं. आधी सायक्लोस्टाइल, मग झेरॉक्स, आता मोबाईल. कोणाला बढती मिळाली, कोण परदेशी गेला, कोणाच्या मुलाचं लग्न ठरलं, कोणते सर निवृत्त झाले, कोण आपल्यातून गेले, कॉलेजात नवीन काय बांधलं, असा सगळा मजकूर. पुण्याला, इंदूरला, अमेरिकेत गेलेल्यांना ते पत्रक म्हणजे पाकिटात घालून पाठवलेली सेव-उसळ वाटायची. एकाने तर लिहिलं होतं, "घरून पत्र येणं बंद झालं, तुमचं तेवढं येतं." असं काही वाचलं की आम्हाला मूठभर मांस चढायचं.

२०२४ मध्ये आमच्या पदवीला पन्नास वर्षं झाली. मेळावा घ्यायचं ठरलं. तयारीची बैठक एका मित्राच्या दांडिया बाजारातल्या घरी होती. टेबलावर एकीकडे वही, दुसरीकडे वर्गाचा जुना फोटो. चहा घेऊन आलेल्या वहिनी फोटो बघत उभ्या राहिल्या. त्याही याच विद्यापीठाच्या, होम सायन्सच्या. त्यांनी पुढच्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "या अकरा जणी कुठे आहेत?"

आम्ही वही उघडली. नावं एकेचाळीस. त्यांत बायका दोन, आणि त्याही वर्गातल्याच मुलांशी लग्न केलेल्या, म्हणजे नवऱ्याच्या पत्त्यावर आपोआप आलेल्या. बाकीच्या नऊ जणींना चाळीस वर्षांत एकही पत्रक गेलेलं नव्हतं. कोणी मुद्दाम वगळलं होतं का? नाही. कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं, आणि हे आम्हाला जास्त लागलं.

वहिनी तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी हंसाबेन मेहतांची आठवण करून दिली. हंसाबेन बडोदा कॉलेजच्याच विद्यार्थिनी, आणि आपल्या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा होत असताना 'सर्व पुरुष' असा अर्थ निघेल अशी इंग्रजी शब्दयोजना त्यांनी बदलायला लावली आणि तिथे 'सर्व मानव' असं आलं. आणि त्यांच्याच विद्यापीठातल्या आमच्या वहीत मात्र सर्व पुरुष! हंसाबेनचं एक बरं, त्यांचं माहेरचं आणि सासरचं आडनाव एकच होतं. त्या आमच्या वर्गात असत्या तर कदाचित सापडल्या असत्या.

मग आम्ही शोधायला लागलो. आपल्याकडे लग्नात मुलीचं आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं आणि त्या काळात पुष्कळ घरांत तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नावही लिहिलं जायचं. माहेरची सुधा सासरी सुनंदा झाली की कॉलेजचा हजेरीपट काय कामाचा? आमच्या हातात राहिलं फक्त माहेर. रावपुऱ्यात, दांडिया बाजारात जुने वाडे शोधत फिरलो. बहुतेक ठिकाणी आता फ्लॅट झाले आहेत. कुठे भाऊ भेटला, कुठे भावजय, कुठे नुसतं "ते पुण्याला गेले" एवढंच. आम्हा सहा जणांना महिन्यात जमलं नाही ते वहिनींच्या हळदीकुंकवाच्या मंडळाने चार दिवसांत केलं. अमकीची नणंद, तमकीची विहीणबाई, असे धागे जुळत गेले आणि नऊपैकी सात जणींचा पत्ता लागला.

एक इंदूरला सापडली, एक बेळगावला, दोघी पुण्यात. एक तर इथेच, दोन गल्ल्या सोडून. ती दरवर्षी याच मंडळात उकडीचे मोदक वळायला येते. आम्ही तिच्या हातचे मोदक वर्षानुवर्षं खाल्ले आणि तिला 'मावशी' म्हणून हाक मारत राहिलो. तिने मात्र आम्हाला पहिल्या वर्षीच ओळखलं होतं. विचारलं, "मग बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "तुम्ही विचारलं नाहीत."

सहावीच्या घरी फोन केला तर मुलीने उचलला. आई तीन वर्षांपूर्वी गेली, म्हणाली. आम्ही सांत्वनाचे दोन शब्द बोललो आणि फोन ठेवणार, तेवढ्यात तिने विचारलं, "काका, आई कॉलेजात कशी होती, सांगाल का? ती फिजिक्स शिकली होती, एवढंच आम्हाला माहीत आहे." आम्ही आठवेल तेवढं सांगितलं. प्रॅक्टिकलला तिची वर्तुळं सगळ्यांत स्वच्छ यायची, परीक्षेच्या आधी निम्मा वर्ग तिचं जर्नल उतरवून घ्यायचा, आणि एकदा वायर चुकीची जोडून तिने अख्ख्या प्रयोगशाळेची वीज घालवली होती. पलीकडे मुलगी हसत होती, रडतही होती. तीन वर्षांपूर्वी वहीत हे नाव असतं तर हा फोन आईलाच गेला असता. ते आता भरून येणार नाही.

सातवीने मात्र साफ नाही म्हटलं. "मी बी.एस्सी. झाले नाही. दुसऱ्या वर्षाला असताना लग्न झालं. माझं नाव कशाला घालता?" आम्ही तिला विनोबांचं उदाहरण दिलं. विनोबाही बडोदा कॉलेजचेच विद्यार्थी. १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाले, सुरतेला गाडीतून उतरले आणि काशीला गेले. परीक्षा दिलीच नाही. पदवीचाच नियम लावला तर विनोबाही माजी विद्यार्थ्यांच्या यादीत बसणार नाहीत, असं आम्ही मोठ्या हुशारीने म्हणालो. ती म्हणाली, "ते स्वतःहून काशीला गेले. मला सासरी पाठवलं."

यावर आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हतं. आठ दिवसांनी तिचाच फोन आला. "नाव घाला. पण माहेरचं घाला. कॉलेजात मी तीच होते."

तेव्हापासून आमच्या वहीत नवा नियम झाला. आधी कॉलेजातलं नाव, मग आताचं. पदवी घेतली की नाही, हे विचारायचं नाही. एक वर्ष जरी त्या वर्गात बसला असाल तरी तुम्ही आमचे.

नावं आल्यावर पत्रकही बदललं. पूर्वी आमच्याकडे बातमी म्हणजे पद, पुरस्कार आणि परदेश. जुनी पत्रकं काढून वाचली तेव्हा आणखी एक गोष्ट सापडली. २००९ मध्ये वेंकटरामन रामकृष्णन यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. १९७१ चे बी.एस्सी., आपल्याच फिजिक्सचे. आम्ही कॉलेजात पाऊल टाकलं त्याच वर्षी ते बाहेर पडले. आम्ही पहिलं पान भरून लिहिलं होतं आणि वडील इथे बायोकेमिस्ट्रीचे विभागप्रमुख होते हेही आवर्जून लिहिलं होतं. आई राजलक्ष्मी त्याच विभागात संशोधन करणाऱ्या, मॅकगिल विद्यापीठाच्या पीएच.डी. त्यांच्याबद्दल एक ओळ नव्हती. वहीतली खोड पत्रकातही होतीच.

आता पत्रकात वेगळ्या बातम्या येतात. बेळगावची मैत्रीण सोसायटीतल्या मुलांना रोज संध्याकाळी गणित शिकवते, कित्येक वर्षं. हिला आम्ही 'बातमी' म्हटलं तेव्हा तीच ओशाळली. मोदकवाल्या मावशींनी तर कॉलेजशी आमच्यापेक्षा जास्त संबंध ठेवला आहे. गेल्या पावसाळ्यात हॉस्टेलवरच्या एका मुलीला कावीळ झाली. घर लांब, परीक्षा तोंडावर. मावशींनी महिनाभर तिला बिनतेलाचा डबा दिला. आम्ही माजी विद्यार्थी म्हणून कॉलेजला काय द्यावं, फलक की कपाट, यावर दोन बैठका वाद घालत होतो, तेव्हा हा डबा रोज जात होता.

२०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला पूर आला, तो आपण सगळ्यांनी पाहिला. पाणी ओसरलं तेव्हा मावशींच्या तळमजल्यावरच्या ट्रंकेत कॉलेजातल्या फोटोंचा लगदा झाला होता. आमच्याजवळच्या वर्गाच्या फोटोची प्रत आम्ही त्यांना करून दिली. त्यांनी तो देवघराशेजारी लावला आहे. नातवाला त्यातली आजी ओळखता आली नाही म्हणे.

म्हणून आपल्याकडे तीन मागण्या आहेत. पैशाची एकही नाही.

पहिली, आज घरी गेल्यावर आईला, आजीला, काकूला विचारा, तुम्ही कॉलेजात होतात का, आणि तेव्हा तुमचं नाव काय होतं. जी शिक्षण अर्धवट सोडून आली असेल तिला आधी विचारा.

दुसरी, जुने फोटो तळाच्या कपाटातून वर काढा. मोबाईलने त्यांची प्रत घ्या आणि मागे उभ्या-बसलेल्यांची नावं लिहून ठेवा. नावं सांगणारी माणसं दरवर्षी कमी होत आहेत.

तिसरी तरुणांसाठी. ही वही तुम्ही पुढे चालवा. आम्ही सहाही जण सत्तरी ओलांडलेले आहोत. लग्नानंतर नाव न बदलणाऱ्या मुली आता पुष्कळ आहेत, त्यामुळे तुमचं काम आमच्यापेक्षा सोपं असेल. पण मोबाईलवरच्या गटातूनही माणसं गळतात, आणि तिथे तर कोणी फोटोवर बोट ठेवून विचारतही नाही.

नऊपैकी दोघी अजून सापडलेल्या नाहीत. फोटोत डावीकडून चौथी आणि नववी. आज गौरी जेवल्या, उद्या त्या जातील. या दिवसांत माहेरवाशिणी घरी आलेल्या असतात, तेव्हा कदाचित आपल्यापैकीच कोणाच्या तरी घरी त्यांना ओळखणारं माणूस असेल. प्रसादाच्या टेबलाशेजारी फोटो लावला आहे, वहीही ठेवली आहे. प्रसाद घेताना एकदा पुढच्या ओळीकडे बघा.



गणपती बाप्पा मोरया!