कुरकूर आणि उपकारस्तुती

जून महिना लागला की तंजावरच्या परिसरातील खेड्याखेड्यांतून एकच विचारणा ऐकू येते : मेट्टूरचे दरवाजे केव्हा उघडणार? 1934 साली पुऱ्या झालेल्या त्या धरणातून 12 जूनला कावेरीच्या कालव्यांना पाणी सोडावे, असा प्रघात आहे. जलाशयात पुरेसे पाणी असेल तर तो पाळला जातो. नसेल तर दिवस लांबत जातात आणि कुरुवै भाताचा हंगाम हातचा जातो. मग शेतकरी पाटबंधाऱ्याच्या अधिकाऱ्यांना बोल लावतो, वरच्या अंगाच्या राज्याला बोल लावतो आणि अखेर आकाशाकडे पाहून देवालाही लावतो. याच खेड्यांतील ख्रिस्ती शेतकरी सुगी झाली म्हणजे नव्या पिकाचा वाटा आणून देवळात वेदीपुढे ठेवतात. बोल लावणारे तोंड आणि अर्पण करणारे हात बहुधा एकाच माणसाचे असतात.

या दोहोंचा मेळ कसा घालावयाचा, हा ख्रिस्ती जीवनातील एक जुना प्रश्न आहे. मिसरच्या दास्यातून सुटलेल्या इस्राएल लोकांना रानात रोज पहाटे मान्ना मिळत होता. तरी त्यांना आठवण येई ती मिसरातील मांसाच्या हंड्यांची. दास्य विसरले, हंड्या तेवढ्या लक्षात राहिल्या! कुरकुरीचे मूळ अभावात कमी आणि अशा सोयीस्कर विस्मरणात अधिक असते. उलटपक्षी, पौलाने फिलिप्पैकरांना कुरकूर न करण्याचा उपदेश केला तो बंदिवासातून. मात्र त्याच पत्रात तो मागणे सोडा असे म्हणत नाही. आपली मागणी आभारासह देवाला कळवा, असे सांगतो. स्तोत्रसंहितेतील कितीतरी स्तोत्रे तर उघडउघड गाऱ्हाणी आहेत. तेव्हा तक्रार सर्वस्वी निषिद्ध मानणे शास्त्राला धरून नाही. स्तोत्रकर्ता आपले गाऱ्हाणे देवाच्या समोर मांडतो. इस्राएल लोक आपापल्या डेऱ्यांत बसून कुरकुरत होते. फरक आहे तो एवढाच, पण तो लहान नाही.

तंजावरच्या मराठी राज्याच्या इतिहासात याचे एक बोलके उदाहरण सापडते. ख्रिस्तियन फ्रेडरिक श्वार्ट्झ हा जर्मन मिशनरी 1750 साली हिंदुस्थानात आला आणि पुढे तंजावरास स्थायिक झाला. तुळजाजी महाराजांशी बोलता यावे म्हणून तो मराठीही शिकला. 1781 मध्ये हैदरअलीच्या स्वारीने मुलूख उजाड झाला, किल्ल्यात उपासमार सुरू झाली. बाहेर धान्य होते. पण पूर्वी वेठीस धरलेल्या बैलांचे भाडे कोणी चुकते केले नव्हते, म्हणून रयत बैल देईना. श्वार्ट्झने पैसे देण्याची हमी स्वतःच्या शब्दावर घेतली आणि दोन-एक दिवसांत हजारावर बैल जमले. पुढे अधिकाऱ्यांच्या जुलमाने कुळे शेते टाकून परागंदा झाली, तेव्हाही त्याच्याच शब्दावर एका दिवसात सात हजार माणसे परतली. पेरणीचा काळ सरत आला आहे, अशी त्याने त्यांना आठवण दिली. तेव्हा या उपकाराची फेड म्हणून रात्रंदिवस राबू, असे ती म्हणाली. ही बहुतेक माणसे ख्रिस्ती नव्हती. त्यांची तक्रार खोटीही नव्हती. ती कोणीतरी ऐकली आणि तिचे निवारण केले, म्हणून तिच्या जागी कृतज्ञता आली.

हा क्रम ध्यानात घेतला नाही तर कृतज्ञतेचा उपदेश निर्दय होतो. याच त्रिभुज प्रदेशात, त्या वेळच्या तंजावर जिल्ह्यातील कीळवेण्मणी या खेड्यात, 25 डिसेंबर 1968 च्या रात्री, म्हणजे नाताळच्याच रात्री, 44 दलित माणसे एका झोपडीत जाळून मारली गेली. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती. शेतमजुरांची मागणी होती ती मजुरी वाढवून मिळण्याची. अशांना ‘आहे त्यात देवाचे आभार माना’ असे सांगण्याचा अधिकार धान्याची कोठारे भरलेल्याला पोहोचत नाही. आभार ज्याचे त्यानेच मानावयाचे असतात. ते दुसऱ्याकडून वसूल करता येत नाहीत. श्वार्ट्झनेही दुसऱ्यांची गाऱ्हाणी सरकारपुढे नेण्यात कधी संकोच केला नाही. तुळजाजींचा दत्तक पुत्र सरफोजी अमरसिंहाच्या राज्यात हालात दिवस काढू लागला, तेव्हा त्या मुलाची बाजू मद्रासच्या दरबारी मांडणारा तोच होता.

श्वार्ट्झ 13 फेब्रुवारी 1798 रोजी वारला आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर आला. पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्याचा कारभार इंग्रजांकडे गेला. राजाजवळ उरला तो तंजावरचा किल्ला आणि भोवतालचा थोडा भाग. कुरकुरीला यापेक्षा सबळ कारण कोणते हवे? सरफोजीने सरस्वती महालातील ग्रंथसंग्रह वाढविला. स्वतः हिंदूच राहून त्याने आपल्या गुरूचे संगमरवरी स्मारक लंडनच्या जॉन फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून घडवून घेतले. शिवगंगा किल्ल्यातील देवळात ते आहे. श्वार्ट्झ मृत्युशय्येवर पडला आहे आणि तरुण राजा त्याचा हात हाती घेऊन शेजारी उभा आहे.