आपली पडताळणी ते करतात, त्यांची पडताळणी कोण करणार?

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत गटाच्या एका सदस्य ताईंनी केलेलं हे भाषण. कामासाठी मुंबईला जाणाऱ्या सगळ्या मैत्रिणींपर्यंत पोचावं म्हणून इथे छापत आहोत.)



मला माईकवर बोलायची सवय नाही. हिशोबाची वही लिहायला सांगा, रात्रभर लिहीन. पण मागच्या बैठकीत कळलं की आपल्या गटातली एक ताई पुढच्या महिन्यात अंधेरीला कामाला निघाली आहे. तिला काम एका ब्युरोने लावून दिलंय. तिने विचारलं, "अक्का, तू गेली होतीस ना? ब्युरोवाले पैसे बुडवत तर नाहीत ना?" तिला मी जे सांगितलं, तेच आज तुम्हा सगळ्यांना सांगते.

२०१६ सालची गोष्ट. घराचे पत्रे बदलायला मी गटातून ३०,००० रुपये कर्ज घेतलं होतं. महिन्याचा हप्ता दोन हजार, वर व्याज. त्याच वर्षी मालकांचं काम सुटलं. घाटकोपरला असल्फ्याच्या डोंगरावर माझी चुलत नणंद राहते. ती म्हणाली, "ये इकडे, पेशंट सांभाळायचं काम लगेच मिळतं." मी एसटीत बसले.

अंधेरी स्टेशनजवळ ब्युरोचं ऑफिस. एक टेबल, दोन फोन, भिंतीवर देवाचा फोटो. मॅडम गोड बोलल्या. फॉर्मचे २०० आणि पोलीस व्हेरिफिकेशनचे ५०० रुपये घेतले. पावती दिली नाही. शाळा सोडल्याचा मूळ दाखला मागितला, मी दिला. म्हणाल्या, "मावशी, पगार १४,०००. पहिल्या महिन्याचा अर्धा पगार आमचं कमिशन. पगार दहा तारखेला." मी मान हलवली. कागदावर सही केली, पण कागद वाचला नाही. मी सहावी शिकलेली आहे, मला वाचता येतं. तरीही वाचला नाही, कारण समोर खुर्चीवर बसलेल्या बाईपुढे कागद वाचत बसायची लाज वाटली. मैत्रिणींनो, ती लाज मला फार महाग पडली.

१ ऑगस्टपासून मुलुंडला एका घरी कामाला लागले. अंथरुणाला खिळलेले आजोबा. चोवीस तासांचं काम. कूस बदलायची, डायपर बदलायचा, नाकातल्या नळीतून दूध द्यायचं. घरची माणसं चांगली होती. १० सप्टेंबरला पहाटे आजोबा गेले. म्हणजे मी एकूण एक्केचाळीस दिवस काम केलं.

तोवर ऑगस्टचा पगारही हातात आला नव्हता. ब्युरोला फोन केला की एकच उत्तर, "पार्टीकडून पैसे आले नाहीत." शेवटी २२ सप्टेंबरला ७,००० रुपये मिळाले. अर्धे कमिशनमध्ये गेले, ते मला कबूल होतं. पण वरच्या दहा दिवसांचे ४,६६७ रुपये माझे होत होते. मॅडम म्हणाल्या, "महिना पूर्ण झाला नाही, त्याचे पैसे नसतात."

मी मुलुंडच्या घरी गेले. आजोबांच्या सूनबाईंनी कपाटातून पावत्याच काढल्या. त्यांनी ब्युरोला रोजाचे ७०० रुपये दिले होते, तेही पंधरा-पंधरा दिवसांचे आगाऊ. एक्केचाळीस दिवसांचे २८,७०० रुपये. त्यांना वाटत होतं, त्यातले बहुतेक मला मिळतात. मला वाटत होतं, ते पैसेच देत नाहीत. एका छपराखाली आम्ही एक्केचाळीस दिवस राहिलो आणि पैशाचा शब्दही एकमेकींशी बोललो नाही.

पावत्यांच्या झेरॉक्स घेऊन मी तीन वेळा अंधेरीला गेले. तिसऱ्या वेळी तीन हजार हातावर ठेवले. म्हणजे पार्टीने मोजले २८,७००, माझ्या हाती आले १०,०००. त्यातून माझे आधीचे सातशे वजा करा.

आणि दाखला? "पुढच्या पार्टीकडे काम कर, मग दाखला देऊ." माझाच कागद माझ्यासाठी दावं झाला होता. नणंदेच्या शेजारच्या काकांनी पोलीस ठाण्यात द्यायचा अर्ज लिहून दिला. तो अर्ज मी फक्त टेबलावर ठेवला. दहा मिनिटांत दाखला मिळाला.

मग बोरिवलीला दुसरं काम ठरलं, या वेळी ओळखीतून, थेट. त्या घरच्यांनी विचारलं, "पोलीस व्हेरिफिकेशन झालंय ना?" मी म्हटलं, "हो, अंधेरीच्या ब्युरोने केलंय." त्यांनी चौकशी केली. काहीही झालेलं नव्हतं. माझे पाचशे रुपये घेऊन फॉर्म भरलाच नव्हता. मग नवीन फॉर्म भरायला बसलो, तर आधारवर सासरचं नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं. घरमालक म्हणाले, "दोन नावं कशाला लागतात?"

बायांनो, तो प्रश्न अजून माझ्या कानात आहे. लग्न झालं की नाव बदलतं हे त्यांच्याही घरात झालं असणार. पण कामाला आलेल्या बाईची दोन नावं दिसली की ती चोर वाटते. गावी येऊन ग्रामसेवकांकडून विवाह नोंदणीचा दाखला काढला, तेव्हा काम सुरू झालं. तोवर ऑक्टोबरही निघून गेला. माझे दोन हप्ते थकले. गटाने बैठक घेऊन मला मुदत दिली. दोघींनी आपल्या खिशातून व्याज भरलं, कुणी तोंडावर काही बोललं नाही. त्या दोघी इथे समोर बसल्यात. नाव घेत नाही, त्या रागावतील.

आता तुम्ही म्हणाल, मग मुंबईला जायचंच नाही का? जायचं. मी पुढे चार वर्षं बोरिवलीत काम केलं, कर्ज फेडलं, मुलीचं शिक्षण केलं. पडताळणीलाही माझा विरोध नाही. आपल्या घरात अनोळखी माणूस ठेवायचा तर आपणही चौकशी करू. माझं म्हणणं इतकंच, की ब्युरोवाले आपली सात पिढ्यांची माहिती घेतात आणि आपण त्यांना साधं "पगार कोण देणार?" एवढंही विचारत नाही.

सगळ्याच जणी घरकामाला जात नाहीत. अंधेरीच्या एमआयडीसीत, मोठ्या ऑफिसांत, दवाखान्यांत हाउसकीपिंगला ठेकेदारामार्फत जाणाऱ्याही आहेत. तिथे ठरलेलं वाक्य असतं, "कंपनीने बिल पास केलं नाही, म्हणून पगार थांबलाय." हे वाक्य ऐकून गप्प बसू नका. कंपनी ठेकेदाराला दोन महिन्यांनी पैसे देते का तीन, हा त्या दोघांचा व्यवहार. कंत्राटी कामगारांसाठी १९७० साली कायदा झाला, त्यातच होतं की ठेकेदाराने पगार दिला नाही तर ज्याच्या जागेवर काम चालतं त्या मूळ मालकाने तो द्यायचा आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करायचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या, त्यांतही ही जबाबदारी आहे. वेतन संहितेप्रमाणे महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत मिळाला पाहिजे. काम सोडलं किंवा काढून टाकलं तर कामाच्या दोन दिवसांत हिशोब पूर्ण झाला पाहिजे.

घराघरांत काम करणाऱ्या बाईला मात्र एवढं पक्कं संरक्षण नाही. आपल्या राज्यात २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे, १८ ते ६० वयाच्या बायांना तिथे नोंदणी करता येते. ती जरूर करा. पण थकलेला पगार आणून द्यायला तेवढं पुरत नाही. म्हणून घरकामात लेखी कागदाचं मोल आणखी जास्त.

नावाच्या घोळाबद्दल मला एकटीला सोसावं लागलं असं वाटायचं. नंतर मुंबई महापालिकेच्या कचरा गाड्यांवरच्या कामगारांची हकीकत कळली. वर्षानुवर्षं ठेकेदारांच्या हाताखाली कचरा उचलला, पण कागदावर ते कामगार नव्हतेच. त्यांना 'स्वयंसेवक' म्हटलं होतं आणि पगाराला 'मानधन'. कचरा वाहतूक श्रमिक संघाने लढा दिला. २०१४ मध्ये औद्योगिक न्यायाधिकरणाने कामगारांच्या बाजूने निकाल दिला, आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कामगारांना कायम करण्यावर शिक्कामोर्तब केलं. केवढा मोठा विजय! पण त्यानंतरही कित्येक जण अडकले. कशाने? यादीतलं नाव आणि आधारवरचं नाव यांच्या स्पेलिंगमध्ये फरक होता म्हणून. न्यायालयात जिंकलेला माणूस एका अक्षरापाशी अडला. म्हणून म्हणते, कागद नीट करायचे ते गरज पडण्याआधी, गावात असतानाच.

आता निघणाऱ्या ताईसाठी, आणि सगळ्यांसाठी, या गोष्टी लिहून घ्या.

१. मूळ कागद कुणालाही ठेवायला द्यायचा नाही. दाखवायचा आणि परत घ्यायचा. झेरॉक्स द्यायची, तिच्यावर आडवं लिहायचं: "फक्त अमुक कामासाठी", खाली तारीख आणि सही. आधारचे शेवटचे चारच आकडे दिसतात अशी प्रतही निघते. ती चालत असेल तर तीच द्या.

२. आधार, बँकेचं पासबुक, शाळेचा दाखला यांवरची नावं जुळवून बघा. फरक असेल तर विवाह नोंदणीचा दाखला काढून सोबत ठेवा.

३. व्हेरिफिकेशनचे पैसे घेतले तर पावती मागा. झालं म्हणाले तर पोलीस ठाण्याच्या शिक्क्याची प्रत मागा. ती तुमच्याकडेच राहू द्या, पुढच्या कामाला दाखवता येते.

४. पगार कोण देणार, पार्टी की ब्युरो? कोणत्या तारखेला? पार्टी ब्युरोला किती देते? हे तिन्ही प्रश्न पार्टीसमोर विचारायचे.

५. मधेच काम संपलं तर वरच्या दिवसांचे पैसे कसे धरणार, हे आधीच लिहून घ्या. पेशंटच्या कामात हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण तिथलं काम कधी संपेल ते कुणाच्याच हातात नसतं.

६. पगार बँकेत घ्या. रोख मिळाला तर वहीत लिहून त्यांची सही घ्या. हजेरी स्वतःच्या वहीत रोज लिहा.

७. ठेकेदाराकडे काम असेल आणि पीएफ कापत असतील तर यूएएन नंबर मागा आणि मोबाईलवर पासबुक बघत राहा. शेजारच्या गावातल्या एका वहिनींचा सात महिने पीएफ कापला होता, बघितलं तर चारच महिन्यांचा भरलेला. ईएसआयसी कापत असतील तर त्याचाही नंबर घ्या. दवाखान्याची वेळ सांगून येत नाही.

पैसे अडले तर उपनगरातल्या बायांनी बांद्रा-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात लेखी तक्रार द्यायची आणि पोच घ्यायची. वकिलाला पैसे नसतील तरी अडत नाही. विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, तिथे उत्पन्नाची अट बाईला नाही. फोन नंबर १५१००. तालुक्याच्या कोर्टातही त्यांची समिती असते.

शेवटचं एक मागणं आहे, तेवढं सांगून बसते. आपण गटात काय करतो? बैठक घेतो, बचत करतो, कर्ज देतो-घेतो, फेडतो आणि सगळं लिहून ठेवतो. दहा रुपयांची बचत असली तरी वहीत नोंद होते आणि सही होते. इथे आपण अध्यक्षांनाही हिशोब विचारतो. मग एसटीतून उतरल्यावर हीच बाई मुकी का होते? कारण तिथे ती एकटी असते.

म्हणून प्रत्येक ग्रामसंघात एक वही ठेवूया. कामाला बाहेर जाणाऱ्या प्रत्येक बाईची नोंद: कुठे गेली, कोणामार्फत गेली, त्यांचा नंबर, ठरलेला पगार, पगाराची तारीख. दर बैठकीत तिला एक फोन करायचा. पगार आला का, एवढंच विचारायचं. ज्या ब्युरोने आपल्या एकीचे पैसे अडवले, त्याच्याकडे दुसरीला पाठवण्याआधी वही उघडायची. त्यांच्याकडे आपली फाईल असते, तशी आपल्याकडे त्यांची वही असू दे.

आमच्या ग्रामसंघाने मागच्या मंगळवारी अशी वही सुरू केली. पहिलं नाव अंधेरीला निघालेल्या ताईचं आहे. तिच्या नावापुढे पगाराची तारीख लिहिलीय. त्या तारखेला संध्याकाळी मी तिला फोन करणार आहे.