हातांनी केलेली विजेची पेटी
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात राहू येथे केलेले भाषण)



मंडळाच्या चालकांनी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. निवृत्त शिक्षक म्हटला म्हणजे तो थोरांच्या चरित्रावर नाही तर शीलसंवर्धनावर बोलणार, असा आपला समज असावा. आज मात्र आम्ही साबणाच्या डबीत मावणाऱ्या एका वस्तूविषयी बोलणार आहोत. मोबाइल, लहान दिवा, रेडिओ यांना वाटेत वा शेतात वीज पुरविणारी पेटी घरच्या घरी कशी करावी, हा तो विषय होय.

भीमा आणि मुळा-मुठा यांच्या कुशीतील हे आपले राहू बेट म्हणजे उसाचे आगर. पंपाच्या विजेची पाळी रात्रीची आली की दारे धरण्यास रात्रीच जावे लागते आणि उसात बिबट्याचा वावर आहे, हे आपणांस आम्ही सांगावे असे नाही. अशा वेळी शेतकऱ्याच्या खिशातील मोबाइल हा केवळ बोलण्याचे यंत्र नसून तोच त्याचा दिवा आणि तीच त्याची हाक असते. वळवाच्या वादळात तारा तुटल्या म्हणजे तर सारे घरच मुके होते. यास्तव हा विषय क्षुल्लक समजू नये.

आता कोणी म्हणेल, बाजारात पॉवर बँक मिळते, मग हा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. घरी केलेली पेटी फार स्वस्त पडते असे आमचे म्हणणे नाही. परंतु विकतची पेटी बंद पडली की टाकून द्यावी लागते. स्वतः केलेली पेटी उघडता येते आणि दोष कोठे आहे ते शोधता येते. खरा लाभ हा आहे.

विद्युत्घट प्रथम व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञाने १८०० साली केला. आज आपण वापरतो तो लिथियम-आयन सेल १९९१ साली बाजारात आला आणि त्याचा पाया घालणाऱ्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांस २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या सेलचा दाब साधारण ३.७ व्होल्ट असतो, मोबाइलच्या चार्जरला मात्र ५ व्होल्ट लागतात. खालच्या हौदातील पाणी वरच्या टाकीत चढविण्यास जसा पंप लागतो, तद्वत् हा दाब चढविणारी एक लहान पट्टी लागते. तिला बूस्ट मोड्यूल म्हणतात.

साहित्य मोजकेच आहे. १८ मिलिमीटर जाडीचा व ६५ मिलिमीटर लांबीचा, १८६५० या नावाने मिळणारा एक सेल, तो बसविण्याचा होल्डर, सेल भरणारी टीपी ४०५६ ही पट्टी, बूस्ट मोड्यूल, एक खटका आणि एक प्लॅस्टिकची डबी. भरणीची पट्टी संरक्षक भाग असलेलीच घ्यावी. ही पट्टी ४.२ व्होल्टला भरणी आपोआप थांबविते आणि तिचा संरक्षक भाग सेल अति रिता होऊ देत नाही. होल्डरच्या तारा भरणीच्या पट्टीस, तिच्या बाहेर जाणाऱ्या तारा खटक्यातून बूस्ट मोड्यूलला, अशी जोडणी करून प्रत्येक सांध्यास नीट डाख द्यावा. मोबाइल जोडण्यापूर्वी बाहेरचा दाब मल्टिमीटरने मोजावा. तो ५ व्होल्टच्या आसपास आहे अशी खात्री झाल्याखेरीज पुढे जाऊ नये.

आता थोडे गणित. शिक्षकास त्यावाचून चैन पडत नाही! २,६०० मिलिअँपिअर-तासांच्या सेलमध्ये २.६ गुणिले ३.७, म्हणजे सुमारे ९.६ वॅट-तास ऊर्जा असते. दाब चढविण्यात शेकडा १५ गेली असे धरले तर ८.२ उरते. १,००० मिलिअँपिअर-तासांचा साधा बटणांचा फोन त्यात दोनदा भरेल. ५,००० चा मोठा फोन निम्माही भरणार नाही. विकतच्या पेटीवर १०,००० हा आकडा असतो, तो आतील सेलच्या दाबाचा असतो. ५ व्होल्टच्या हिशोबाने तो ७,४०० होतो आणि त्यातूनही तूट वजा करावी लागते. ज्यास हे गणित येते, तो दुकानात फसत नाही.

कित्येक जण ट्रॅक्टरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीस ७८०५ हा तीन पायांचा नियंत्रक जोडून काम भागवितात. तो चालतो खरा, पण वरचे ७ व्होल्ट उष्णतेच्या रूपाने वाया घालवितो. अर्ध्या अँपिअरला २.५ वॅट उपयोगी पडतात आणि ३.५ वॅट जळून जातात. त्या ठिकाणी दाब उतरविणारे बक मोड्यूल वापरणे शहाणपणाचे.

सावधगिरीच्या गोष्टी मुलांनी पाठ कराव्यात. सेलच्या टोकांस थेट डाख देऊ नये, उष्णतेने सेल बिघडतो. फुगलेला, चेपलेला वा गंजलेला सेल कधीही वापरू नये. जुन्या लॅपटॉपमधील सेल घेतल्यास प्रथम दाब मोजावा, २.५ व्होल्टच्या खाली गेलेला सेल बाद समजावा. दोन सेल समांतर जोडावयाचे तर त्यांचा दाब आधी सारखा करून घ्यावा. प्रथम भरणी करताना पेटी उशाशी वा गवताच्या गंजीजवळ न ठेवता फरशीवर, डोळ्यांसमोर ठेवावी. बाद सेल उकिरड्यावर किंवा चुलीत टाकू नयेत. २०२२ च्या नियमांनुसार अशा बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापरासाठी पाठविण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

हे शिक्षण आपल्याकडे नवे नाही. शेजारच्याच शिरूर तालुक्यात पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी मोठ्या कंपनीतील संशोधनाचे काम सोडून १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापिला. शाळेत न रमलेली मुलेही हाताने काम करीत विज्ञान शिकतात, हे त्यांनी दाखवून दिले. २००२ साली अमेरिकेतील एमआयटीच्या साहाय्याने तेथे फॅब लॅब उभी राहिली. डॉ. कलबाग २००३ साली निवर्तले, त्यांचे कार्य मात्र चालू आहे.

आता मंडळास एक नम्र विनंती. आपण दरवर्षी गुणवंतांचा सत्कार करतो, तो योग्यच आहे. परंतु ज्याला गुण कमी पडले, पण जो बिघडलेला पंखा सुरू करतो, त्या मुलाचे नाव या व्यासपीठावरून कधी घेतले जात नाही. इतक्या वर्षांच्या अध्यापनात आम्ही अशी मुले मागच्या बाकावर मान खाली घालून बसलेली पाहिली आहेत. त्यांची बुद्धी बोटांत होती आणि आपली परीक्षा केवळ कागदाची होती. यास्तव पुढील वर्षी शाल-श्रीफळाच्या खर्चातून थोडे वाचवून दोन सोल्डरिंग आयर्न, दोन मल्टिमीटर आणि वीस पेट्यांचे साहित्य घ्यावे आणि मुलामुलींसाठी एक दिवसाचे शिबिर भरवावे. मुलींना त्यात निम्म्या जागा असाव्यात. शिकविण्यास आम्ही विनामूल्य येऊ. तयार झालेल्या पेट्या रात्री पाणी देण्यास जाणाऱ्या आपल्या बांधवांच्या हाती द्याव्यात.

ज्ञातीची उन्नती केवळ पदव्यांनी होत नाही, हातांना आलेल्या कसबानेही होते.