समाज समजुती का बाळगतो?



समाज अमुक एक समजूत का बाळगतो, असे विचारले की आपल्याकडे ठरलेले उत्तर मिळते : अज्ञानामुळे! हे उत्तर देणाऱ्याने मुंब्रा-पनवेल रस्त्यावर घटकाभर उभे राहावे. येथील कारखान्याचा माल घेऊन निघालेला ट्रकचालक चाकांतली हवा पाहतो, ब्रेक तपासतो आणि मग गाडीला लिंबू-मिरची बांधतो. लिंबू बांधले म्हणून ब्रेक तपासायचे काही तो सोडीत नाही. दसऱ्याला यंत्रांवर झेंडूच्या माळा चढतात. त्या दिवशी वंगणाला सुट्टी नसते.

मग ज्ञान असताना समजूत हवीच कशाला? मालिनोव्स्की नावाचा मानववंशशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅसिफिक महासागरातील ट्रोब्रियंड बेटांवर जाऊन राहिला होता. तेथील लोक किनाऱ्यालगतच्या संथ पाण्यात मासे मारताना मंत्रतंत्राच्या वाटेला जात नाहीत, खुल्या समुद्रात जायचे झाले म्हणजे मात्र विधींना अंत नसतो, असे त्याला आढळले. हातचे कौशल्य जेथे पुरे पडत नाही, तेथे मंत्र येतो.

आपल्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांना हे नवे वाटणार नाही. भरती-ओहोटीचे गणित त्यांना तोंडपाठ असते, तरी श्रावणी पौर्णिमेला ते दर्याला नारळ वाहतात. पण येथे मालिनोव्स्की मला अपुरा वाटतो. भीती ज्याची त्याची असते. नारळ मात्र सारा कोळीवाडा वाजतगाजत नेतो. समाज अशा विधींतून आपले एकपण अनुभवतो, हे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीम याने १९१२ सालीच मांडले होते. नारळाचे कोडे या दोघांना मिळूनच सुटते, असे माझे मत आहे.

परंतु सगळ्याच समजुती नारळाइतक्या निरुपद्रवी नसतात. आफ्रिकेतील अझांदे लोकांविषयी इव्हान्स-प्रिचर्ड याचा ग्रंथ १९३७ साली निघाला. धान्याचे कोठार सावलीला बसलेल्या माणसांवर कोसळते. वाळवीने खांब पोखरले, हे अझांदेही जाणतात. त्यांचा प्रश्न निराळा असतो : नेमकी हीच माणसे खाली असताना ते का कोसळले? याचे उत्तर वाळवीपाशी नाही. ते चेटकापाशी शोधले जाते, आणि चेटूक म्हटले की करणारा माणूस आलाच.

ही गोष्ट आफ्रिकेची म्हणून सोडून देता येत नाही. आपल्या नंदुरबारकडे सातपुड्याच्या पाड्यांत बायांवर डाकीण म्हणून ठपका येतो, त्यांना मारहाण होते. घरात आजार शिरला, की तोच प्रश्न : आमच्याच घरी का? रोगाचे नाव डॉक्टर सांगेल. या ‘का’चे उत्तर त्याच्याजवळही नसते. म्हणून नुसत्या शिक्षणाने डाकीण नाहीशी होईल, ही आशा मला भाबडी वाटते. आणि समजुतीचे कारण कळले म्हणून तिच्यापायी झालेला छळ क्षम्य ठरतो, असे म्हणणाऱ्या अभ्यासकाशी माझे मुळीच जमत नाही.

डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्यासाठी वर्षानुवर्षे झटले, तो जादूटोणाविरोधी कायदा २०१३ च्या डिसेंबरात विधिमंडळाने संमत केला. त्यांचा खून त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात झाला होता. एखाद्या व्यक्तीवर करणीचा आळ घेऊन तिचे जगणे कठीण करणे, हा त्या कायद्याने गुन्हा आहे. पूजा-अर्चा, यात्रा यांना त्याने हात लावलेला नाही. मनात काय मानावे, यावरही त्याचा अंमल नाही. दर्याचा नारळ त्यामुळे बिनघोर आहे. डाकीण ठरवली गेलेली बाई मात्र आता पोलीस ठाण्यात जाऊन फिर्याद देऊ शकते.